ब्रेक्झिट झालं, पण मतं मोजायची कुठल्या घटकावर?

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)
१ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

आज दिवसभर फेरी आणि सभा चालणारच, त्यावर हा धागा नाही. बेळगाव सीमाभाग १९५६ ला म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) घातला, त्याच्या निषेधाच्या या काळ्या दिनाला चौकाचौकांत एक वाक्य हमखास कानावर येतं: ब्रिटनच्या लोकांनी मत टाकून युरोप सोडला, मग महाराष्ट्रात जायचं की कर्नाटकात राहायचं यावर आम्हालाही मत द्या, एका दिवसात निकाल लागेल. हे 'एका दिवसात' काही पटत नाही. हद्द ठरवताना गाव घटक धरायचा की तालुका घटक, यावर आपण सत्तर वर्षं भांडतोय. त्याच नजरेनं ब्रेक्झिटचा हिशोब तपासू.

मतदान २३ जून २०१६ ला झालं. 'बाहेर पडा'ला १,७४,१०,७४२ मतं आणि 'राहा'ला १,६१,४१,२४१. म्हणजे ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के, आणि मतदान ७२.२ टक्के. मोजणी ३८२ क्षेत्रांत झाली, पण क्षेत्राच्या निकालाला किंमत शून्य. सगळी बेरीज एकच, अख्ख्या युनायटेड किंग्डमची. तीच मतं राष्ट्रवार वाचली की चित्र फिरतं. स्कॉटलंड ६२ टक्के 'राहा', उत्तर आयर्लंड जवळपास ५६ टक्के 'राहा', इंग्लंड आणि वेल्स 'बाहेर'. जिब्राल्टरमध्ये तर ९६ टक्क्यांच्या आसपास 'राहा'. तरी सगळे एका गाडीतून बाहेर.

चारही राष्ट्रांत बहुमत झालं तरच बाहेर पडावं, अशी दुरुस्ती स्कॉटिश नॅशनल पार्टीनं २०१५ मध्येच मांडली होती. ती फेटाळली गेली. म्हणजे घटकाचा वाद तिथेही होता, फक्त तो मतदानाच्या आधी एका दुपारी मिटवून टाकला. आपल्याकडे तो १९५६ पासून मिटलेला नाही. मग सांगा, आपल्याकडे मत घ्यायचंच झालं तर घटक कुठला, मतदार कोण, प्रश्न काय छापायचा आणि किती टक्क्यांना निकाल मानायचा?

निपाणी_वखार
सकाळी ८.२०

तुलनाच चुकीची. तिकडे सार्वभौम देश संघातून बाहेर पडला. इकडे कोणी देश सोडत नाही, एका राज्यातून शेजारच्या राज्यात जायचं एवढंच. हे आधी लिहा, नाहीतर दुपारपर्यंत धाग्याचं भलतंच काहीतरी होईल.

मार्कंडेयकाठ
सकाळी ८.२८

मान्य. लिहिलं असं समजा.

कलम_१३१
सकाळी ९.०५

निपाणीकर म्हणतात तो फरक कायद्यातच आहे, आणि सगळा धागा त्यावर टेकलाय, म्हणून जरा लांब लिहितो.

युरोपीय संघाच्या करारातलं कलम ५० जाणाऱ्याच्या हातात आहे. देशानं आपल्या घटनेप्रमाणे ठरवायचं, युरोपीय परिषदेला पत्र द्यायचं, तिथून दोन वर्षांचं घड्याळ सुरू. करार झाला तर करारानं बाहेर, नाही झाला तर करारावाचून बाहेर. मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या सदस्यांची एकमतानं संमती लागते. ब्रिटननं २९ मार्च २०१७ ला पत्र दिलं. मुदत तीनदा वाढली आणि अखेर ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला. त्यानंतरही ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुनेच नियम चालू होते. मतदान ते प्रत्यक्ष बदल, साडेचार वर्षं. ही तुमची 'एका दिवसाची' गोष्ट.

मधल्या काळात डिसेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की दिलेलं पत्र ब्रिटन एकतर्फी मागेही घेऊ शकतो. म्हणजे जायला परवानगी नको आणि परत फिरायलाही नको, मुदत संपेपर्यंत.

आपल्या राज्यघटनेतलं कलम ३ बरोबर उलटं. सीमा बदलायचा अधिकार संसदेचा. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक मांडता येत नाही. ज्या राज्यांच्या हद्दीला धक्का लागतो त्यांच्या विधिमंडळांकडे ते ठरावीक मुदतीत मत द्यायला पाठवायचं. मत द्यायला, संमती घ्यायला नव्हे. मग साध्या बहुमतानं मंजुरी, कारण कलम ४ प्रमाणे ही घटनादुरुस्ती मानतच नाहीत. या सगळ्या रांगेत जनमताला जागा नाही आणि मनाईही नाही.

राज्याचं मत किती हलकं असतं याचे दोन दाखले. १९५६ च्या विधेयकात आधी महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन तुकडे होते. संसदेत ते बदलून द्वैभाषिक मुंबई झालं, आणि बदललेलं विधेयक परत विधिमंडळाकडे गेलंच नाही. बाबुलाल पराते खटल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं. दुसरा दाखला तेलंगणाचा. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विधेयक नाकारलं, २ जूनला राज्य झालंच.

गंमत बघा, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २४ जानेवारी २०१७ ला आठ विरुद्ध तीन असा निकाल दिला: पत्र द्यायला संसदेचा कायदा लागेल, पण स्कॉटलंडच्या संसदेची संमती कायद्यानं बंधनकारक नाही. लंडनपुढे एडिंबराची जी पत, तीच दिल्लीपुढे बेंगळुरूची आणि मुंबईची.

वडगाव_हातमाग
सकाळी ९.४०

वकीलसाहेब, एक शंका. जनमताला जागा नाही म्हणता, मग गोव्यात १९६७ ला काय झालं?

लोंढा_जंक्शन
सकाळी १०.१०

ताई, तो प्रश्न माझ्याच वाटेवरचा, मी सांगतो.

गोव्यासाठी संसदेनं १९६६ मध्ये खास कायदा केला. मतदान १६ जानेवारी १९६७ ला. मतपत्रिकेवर दोनच चित्रं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. दीव-दमणला हाच प्रश्न गुजरातचं नाव घालून विचारला. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. मतदानात सरकारची ढवळाढवळ होऊ नये म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं आधीच राजीनामा दिला होता, खुद्द ते विलीनीकरणवादी असताना.

आता ब्रिटनची मतपत्रिका शेजारी ठेवा. तिथे पर्याय 'सदस्य राहावं' आणि 'बाहेर पडावं'. पहिल्या पर्यायाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता, दुसऱ्याचा कोणालाच नाही. बाहेर म्हणजे नॉर्वेसारखं एकल बाजारात राहून? तुर्कस्थानासारखं सीमाशुल्क संघात? की कॅनडासारखा नुसता व्यापार करार? फूल घेणाऱ्याला ठाऊक होतं की उद्या आपण महाराष्ट्रात. 'बाहेर' घेणाऱ्यांत तीन-चार जातीचे लोक होते आणि त्यांची बेरीज एकच धरली. म्हणून नंतर पार्लमेंटमध्ये एकामागून एक मसुदे पडले. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ नं आपटला. युरोपात राहा म्हणणारे आणि करारावाचून बाहेर पडा म्हणणारे दोघांनी मिळून तो पाडला.

गोव्याच्या प्रश्नातही एक खोट होती. 'स्वतंत्र राज्य' हे तिसरं चित्रच नव्हतं. ते मिळायला ३० मे १९८७ उजाडलं.

निपाणी_वखार
सकाळी १०.२२

मग आपल्या मतपत्रिकेवर काय छापणार? 'महाराष्ट्र' आणि 'कर्नाटक' छापलं की संपलं. बेळगावचा केंद्रशासित प्रदेश करा म्हणणारेही आहेत, त्यांचं चित्र कुठलं?

उद्यमबाग_फाउंड्री
सकाळी ११.३०

चित्रं ठरवा सावकाश. माल कसा जातो ते मी सांगतो, कारण 'करमुक्त करार झाला, मग नुकसान काय?' असं विचारणारे इथेही आहेत.

२४ डिसेंबर २०२० ला करार झाला, शून्य आयातशुल्क आणि शून्य कोटा. ऐकायला गोड. पण शून्य शुल्क फक्त त्या मालाला जो ब्रिटनमध्ये किंवा युरोपात 'जन्मला'. हा मूळस्थानाचा नियम. सीमाशुल्क यादीच्या चॅप्टर ८४ मधल्या बऱ्याच यंत्रभागांना एकतर जोडणीत एचएस शीर्षक (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक) बदलावं लागतं, नाहीतर बाहेरच्या देशांतून आणलेल्या मालाची किंमत कारखाना-दराच्या ५० टक्क्यांच्या आत लागते. समजा आपल्या भागातून अर्धवट तयार व्हॉल्व्ह बॉडी बर्मिंगहॅमला गेली, तिथे भोकं मारून, रंगवून जर्मनीला विकली. शीर्षक तेच राहिलं आणि आपल्या ओतकामाची किंमत निम्म्याच्या वर गेली, तर जर्मन बंदरात शुल्क लागलं. २०२० पर्यंत या हिशोबाची गरजच नव्हती. एकदा ब्रिटनमध्ये शुल्क भरलं की माल अठ्ठावीस देशांत मोकळा.

त्यावर कागदपत्रं. ईओआरआय (व्यापाऱ्याचा सीमाशुल्क नोंदणी) क्रमांक, दर खेपेला निर्यात आणि आयात घोषणा, मूळस्थानाचं निवेदन. मांस-मासळीला तर पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला. मोठ्या कारखान्याला हे जमतं, त्याच्याकडे शिपिंगचा माणूस असतो. महिन्याला दोन पेट्या पाठवणारा छोटा उत्पादक सरळ युरोपचं गिऱ्हाईक सोडतो. युरोपनं १ जानेवारी २०२१ पासून तपासणी चालू केली. ब्रिटननं स्वतःच्या बाजूची तपासणी ढकलत ढकलत २०२४ पर्यंत नेली, कारण आपलीच दुकानं रिकामी पडतील ही भीती.

आता घरचं. २०१७ च्या १ जुलैआधी कोल्हापूरहून पिग आयर्न बेळगावला आणलं तर २ टक्के सीएसटी (केंद्रीय विक्रीकर), तोही सी फॉर्म (कमी दरासाठीचा दाखला) मिळाला तर. फॉर्म नाही तर पूर्ण दर. भरलेल्या सीएसटीची वजावट नाही. तोच माल हुबळीहून घेतला की व्हॅटची वजावट मिळायची. नाक्यावर कागद तपासणी वेगळी. म्हणजे एका देशातल्या दोन राज्यांत जी अडवणूक होती ती फ्रान्स-जर्मनीत नव्हती. जीएसटी आल्यावर आयजीएसटीची (आंतरराज्य मालावरच्या कराची) वजावट सरळ मिळते, ई-वे बिल काढलं की गाडी हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याला थांबत नाही. राजकीय संघ आणि एकल बाजार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपल्याला ब्रिटिशांपेक्षा जास्त कळायला हवं. १९५० ते २०१७ आपल्याकडे पहिला होता, दुसरा अर्धामुर्धा.

म्हणून व्यापाराच्या बाजूनं, महाराष्ट्रातल्या शिनोळीत कारखाना असो की बेळगावच्या उद्यमबागेत, आज फार फरक नाही. फरक वीजदराचा, औद्योगिक सवलतींचा आणि कामगार खात्याच्या भाषेचा.

चंदगडी
दुपारी १२.१५

शिनोळीचं नाव काढलासा म्हणून लिहितो. आयर्लंडची गोष्ट चंदगडच्या माणसाला लगेच कळते बघा.

उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली हद्द जवळपास ५०० किलोमीटर, ओलांडायच्या वाटा दोनशेच्या वर. शेत एकीकडे, गोठा दुसरीकडे. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर चौक्या गेल्या. आता ब्रिटन सीमाशुल्क संघातनं बाहेर, प्रजासत्ताक आत. मग माल तपासायचा कुठं? तीन गोष्टी एकदम पाहिजे होत्या: ब्रिटननं पूर्ण बाहेर पडायचं, बेटावर चौकी नको, आणि बेलफास्ट ते लिव्हरपूल दरम्यानही चौकी नको. तिन्ही जमत न्हाईत, कुठल्याही दोनच घ्या. मे बाईंनी पहिली पातळ करून बघितली, घरच्यांनी पाडलं. नंतरचे पंतप्रधान जॉन्सननी तिसरी सोडली, चौकी समुद्रात नेली. म्हणजे आपल्याच देशातनं आपल्याच देशात माल न्यायला कागद. बेलफास्टमधले ब्रिटनवादी भडकले ते त्यामुळंच. शेवटी फेब्रुवारी २०२३ ला विंडसर आराखडा. उत्तर आयर्लंडमध्येच खपणारा माल हिरव्या मार्गिकेनं कमी कागदात, पुढे प्रजासत्ताकात जाऊ शकणारा लाल मार्गिकेनं पूर्ण तपासणीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून चालू. आणि ही व्यवस्था चालू ठेवायची का, यावर तिथल्या विधानसभेचं मत ठरावीक वर्षांनी परत घ्यायचं. एवढं एक कलम चांगलं केलंय.

आता आमचं. १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूरला दिला, चंदगड तालुका तेवढा काढून मुंबई राज्यात ठेवला. म्हणजे तालुका घटक धरायला येत होता की! जिल्हा तोडता येतो हे तिथंच सिद्ध झालं. चंदगडचा बाजार अजून बेळगावला, दवाखाना बेळगावला, जिल्ह्याचं ठिकाण मात्र कोल्हापूर. कागद एकीकडं आणि पोट दुसरीकडं. मत घेताना हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

वडगाव_हातमाग
दुपारी १२.३०

+१. 'कागद एकीकडं आणि पोट दुसरीकडं' हे फलकावर घालण्यासारखं आहे.

कलम_१३१
दुपारी १.०५

चंदगडींचा मुद्दा दाव्याच्या मुळाशी आहे. राज्य पुनर्रचना करताना सर्वसाधारणपणे जिल्हा घटक धरला गेला, काही ठिकाणी तालुका. त्याच सुमारास आंध्र-मद्रास हद्दीचा वाद मध्यस्थ पाटसकरांनी सोडवला तो खेडं घटक धरून, सलगता आणि भाषिक बहुसंख्या पाहून. महाराष्ट्राची मागणी त्याच सूत्राची: खेडं, सलगता, भाषिक बहुसंख्या, आणि चौथी लोकेच्छा. त्या सूत्रानं मागितलेल्या ८६५ गावांची यादी घेऊन सर्वोच्च न्यायालयात कलम १३१ (राज्याराज्यांतले दावे) खाली २००४ चा मूळ दावा क्रमांक ४ दाखल झाला.

मधे याच सीमावादावर केंद्रानं नेमलेला महाजन आयोग. नेमणूक २५ ऑक्टोबर १९६६, अहवाल २५ ऑगस्ट १९६७. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला, अक्कलकोट वगैरे २४७ कर्नाटकला. बेळगाव शहर कर्नाटकात, कारण एक असंही की शहराच्या तीन बाजूंना कानडी मुलूख. महाराष्ट्रानं नाकारला, कर्नाटकानं अंतिम मानला. बारकाईनं बघा, गावांसाठी महाजनांनीही गावपातळीवरच पाहिलं, पण शहराशी येताच 'भोवतालचा मुलूख' हा वेगळा काटा लावला. एकाच अहवालात दोन काटे, भांडण तिथेच आहे. ब्रिटनमध्ये काटा एकच होता, पण तो इतका मोठा की स्कॉटलंड त्यात दिसेना.

खडेबाजार
दुपारी १.२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मार्कंडेयकाठ
दुपारी २.००

(खडेबाजार, काढलंत ते बरं केलंत.)

टक्क्यांकडे येऊ. २०१६ ला उंबरठा नव्हता. २०१५ चा सार्वमत कायदा निकाल बंधनकारक आहे असं म्हणतच नाही, कायद्याच्या भाषेत ते सल्लागार मत होतं. सल्लागार असल्यामुळे उंबरठा घातला नाही, आणि निकाल लागल्यावर तोच निर्णय मानला. सगळ्यात मोठी चूक माझ्या मते ही. एकूण मतदारांपैकी 'बाहेर' म्हणणारे सुमारे ३७ टक्के.

त्याच देशानं १ मार्च १९७९ ला स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी मत घेतलं तेव्हा अट होती की एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी होकार दिला पाहिजे. टाकलेल्या मतांत ५१.६ टक्के होकार, पण एकूण मतदारांत ३२.९. विधानसभा गेली. घरात न बसता जाऊन नकार देणारा आणि घरात बसणारा एकाच बाजूला मोजला गेला.  मतदारयादी जुनी असली की असा उंबरठा फार वाईट लागतो.

माँटेनेग्रोनं २००६ मध्ये मधला मार्ग घेतला, युरोपीय संघाच्या सांगण्यावरून. निम्म्याहून जास्त मतदान आणि त्यात ५५ टक्के. निकाल ५५.५ आला. अर्ध्या टक्क्यानं देश झाला! क्वेबेकमध्ये १९९५ ला उंबरठा साधाच होता, ५०.५८ विरुद्ध ४९.४२ नं कॅनडा वाचला, आणि मग २००० साली कायदा केला की 'स्पष्ट प्रश्न, स्पष्ट बहुमत' असल्याशिवाय वाटाघाटीच नाहीत. स्पष्ट म्हणजे किती टक्के, हे मात्र मुद्दाम लिहिलं नाही.

वडगाव_हातमाग
दुपारी २.४०

मतदार कोण, यावर कोणीच लिहिलं नाही. २०१६ ला ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मत होतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर लंडनात राहणारा बेळगावचा मुलगा मत देऊ शकत होता. वीस वर्षं तिथे कर भरणारी पोलंडची नर्स मात्र देऊ शकत नव्हती, आणि स्पेनमध्ये पंधरा वर्षांहून जास्त राहिलेला ब्रिटिश म्हातारा पण नाही. ज्यांच्या राहण्यावर गदा येणार तेच यादीबाहेर. स्कॉटलंडच्या २०१४ च्या मतदानात उलट होतं, तिथे राहणारे युरोपीय नागरिक यादीत आणि वयही १६.

आपल्याकडे हा प्रश्न याहून टोकदार आहे. भाषेची टक्केवारी १९५१ च्या जनगणनेवर धरायची की २०११ च्या? पुण्याला नोकरीला गेलेल्या खानापूरच्या माणसाचं नाव गावच्या यादीत असलं तर? बदलीवर आलेला धारवाडचा कर्मचारी, पिढ्यान् पिढ्या इथलेच असलेले कानडी आणि उर्दू बोलणारे शेजारी? आजची यादी घेतली तर एक निकाल, १९५६ ची घेतली तर दुसरा, आणि त्या यादीतले बहुतेक लोक आता नाहीत. माझं मत आजचीच यादी. जिथे राहतो त्याचं भविष्य आहे ते.

निपाणी_वखार
दुपारी ३.०५

ताईंशी सहमत, आणि म्हणूनच माझं मत 'राहा'कडे झुकतं. रागावू नका, ऐका.

आजची यादी घेतली तर गावागणिक निकाल वेगळा लागणार. त्यापेक्षा जे हक्क आहेत तेच वसूल केले तर? कलम ३५०अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, कलम ३५०ब भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य आहेत तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही हवा. सातबाऱ्याचा उतारा, महापालिकेचं बिल, बसची पाटी यासाठी हद्द हलवावी लागत नाही, अंमलबजावणी लागते. महाराष्ट्रात व्यावसायिक प्रवेशाला ८६५ गावांच्या मुलांसाठी वेगळी सोय आहेच. दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतंय, ते सोडून एकीकडचं सगळं मिळेलच याचा भरवसा काय?

चंदगडी
दुपारी ३.१२

साठ-सत्तर वर्षं अंमलबजावणीच होईना म्हणून तर हद्द मागतायत ओ अण्णा. पंधरा टक्क्यांचा नियम कागदावर हाय, पाटीवर न्हाई.

निपाणी_वखार
दुपारी ३.१५

ते खरं आहे.

लोंढा_जंक्शन
दुपारी ४.००

पैसा आणि पाणी राहिलं.

पैशाचं आधी. 'बाहेर'वाल्यांच्या प्रचाराच्या बसवर युरोपला 'आठवड्याला ३५ कोटी पौंड' जातात असं लिहिलं होतं. तो ढोबळ आकडा. थॅचरबाईंनी १९८४ ला मिळवलेली सूट कापायच्या आधीचा, आणि शेतीला-विज्ञानाला परत येणारा पैसाही वजा न केलेला. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणानं तो दिशाभूल करणारा ठरवला, तरी बस फिरतच राहिली. उलट बाहेर पडताना आधी कबूल केलेल्या खर्चाची आणि निवृत्तिवेतनांची देणी द्यावी लागली. त्या वेळचा सरकारी अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंड. आपल्याकडे 'बेळगावातून इतका कर जातो आणि इतकाच परत येतो' म्हणणाऱ्यांनी ढोबळ आणि निव्वळ यातला फरक आधी करावा.

वाटणी कशी होते याचा ताजा नमुना आंध्र-तेलंगणा. जमीन-इमारत जिथे आहे त्या राज्याची, कर्ज लोकसंख्येच्या प्रमाणात, ५८.३२ : ४१.६८. हैदराबाद दहा वर्षांपर्यंत सामायिक राजधानी होती. तरी विभाजन कायद्याच्या नवव्या-दहाव्या अनुसूचीतल्या सरकारी संस्थांची भांडणं दहा वर्षांनंतरही शिल्लक. इथे हलग्याचं सुवर्णसौध (कर्नाटक विधिमंडळाची बेळगावची इमारत) धरून हिशोब करा. 'जिथे आहे त्याची' हा नियम लावला तर कर्नाटक ते सोडेल का?

आता पाणी, आणि इथे खरी मेख आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादईही खानापूर तालुक्यातली. खानापूर महाराष्ट्रात गेलं की मलप्रभेचं डोकं एका राज्यात आणि नवलतीर्थचं धरण दुसऱ्यात. म्हादई लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि महाराष्ट्राला १.३३ दिले. त्यातलं कळसा-भंडुराचं पाणी जिथून वळवायचं ती जागाच हद्द ओलांडून जाणार. मग जुना निवाडा लागू की नवा लवाद? आंध्र फुटल्यावर कृष्णेच्या ८११ टीएमसीची ५१२ आणि २९९ अशी तात्पुरती वाटणी झाली. तो 'तात्पुरता' शब्द अजून निघालेला नाही. बेळगाव शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. शहर एका राज्यात आणि हिडकल दुसऱ्यात गेलं तर दर उन्हाळ्यात पत्रव्यवहार.

खानापुरात हे कोणी सभेत सांगत नाही. मी हद्दीच्या विरोधात नाही, पण मतपत्रिकेबरोबर पाण्याचा कागद जोडलेला असावा.

उद्यमबाग_फाउंड्री
दुपारी ४.२५

लोंढाकर, एक नंबर. ब्रिटनमध्ये मासळीचं असंच झालं. 'आपला समुद्र आपल्याला' म्हणून कोळ्यांनी 'बाहेर'ला मतं दिली. हातात आलं युरोपच्या वाट्यातला चौथा हिस्सा, तोही साडेपाच वर्षांत हप्त्याहप्त्यानं. आणि मे २०२५ च्या तहात युरोपच्या बोटींना २०३८ पर्यंत परवानगी वाढवून दिली. पकडलेली कोळंबी विकायची कुठं, तर युरोपात. कागदांसकट.

ग्रीनलँडनं मात्र मासळीसाठीच संघ सोडला आणि नीट सोडला. १९८२ ला मत, १९८५ ला बाहेर. फक्त मासळीचाच करार करायचा होता तरी तीन वर्षं लागली. शेजारी जमिनीची हद्द नव्हती हे नशीब.

मार्कंडेयकाठ
संध्याकाळी ५.१०

मग एक कच्चा आराखडा मांडतो, फोडून काढा. गोव्यासारखा संसदेचा खास कायदा. चित्रं दोन, दोन्हींचा अर्थ आधीच छापलेला. पाणी, कर्मचारी, शाळा, कर्ज यांचं परिशिष्ट कायद्यातच, मतदानाआधी. आजची मतदारयादी. घटक गाव, शहरात प्रभाग. टाकलेल्या मतांच्या ५५ टक्के.

कलम_१३१
संध्याकाळी ५.४५

घटक गाव म्हटलंत, सलगता विसरलात. गावागणिक निकाल लागला की कानडी गावांच्या मधे एखादं मराठी गाव बेटासारखं उरतं, आणि मराठी पट्ट्यात कानडी गाव. भारत-बांगलादेश हद्दीवर अशी बेटं होती, छीटमहल म्हणायचे. आपली १११ त्यांच्यात, त्यांची ५१ आपल्यात. आतल्या माणसाला ना मतदार ओळखपत्र, ना वीज, ना पोलीस ठाणं. कारण बेटात जायलाच परदेश ओलांडावा लागायचा. ती १ ऑगस्ट २०१५ ला बदलून घेतली. राज्याराज्यांत इतकं वाईट होणार नाही, पण तलाठी, शाळा तपासनीस, वीज मंडळ, एसटी सगळ्यांना दुसऱ्या राज्यातून जावं लागेल. म्हणून दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत गावाचं मत. मग सलग पट्टा जुळतो का ते बघायचं, आणि जी गावं पट्ट्याबाहेर पडतात त्यांना विचारायचं की आता असं असताना काय?

५५ टक्के प्रत्येक गावाला लावलेत तर ५२ टक्क्यांचं गाव आपोआप आहे तिथेच राहतं. म्हणजे उंबरठा दोन्ही बाजूंना सारखा लागत नाही, बदल मागणाऱ्यालाच लागतो. हे चालेल का, ते आधी सीमावासीयांना विचारा.

चंदगडी
संध्याकाळी ६.००

सलगता म्हणजे शिवेला शीव लागली की पुरे, का गाडीरस्ता पाहिजे? शीव लागते पण मधे घाट नाहीतर ओढा, अशी गावं आमच्या बाजूला पुष्कळ.

कलम_१३१
संध्याकाळी ६.२०

शीव पुरते. पण महाजनांनी बेळगावला लावलेला काटा शिवेचा नव्हता, तीन बाजूंचा होता. त्यामुळे 'सलग म्हणजे काय' हे कायद्याच्या व्याख्येत लिहूनच घ्यावं लागेल, किती मीटर शीव सामायिक हवी इथपर्यंत.

वडगाव_हातमाग
संध्याकाळी ६.३५

अवांतर: गाड्यांचे नंबर बदलायचे का? केए-२२ चं काय?

उद्यमबाग_फाउंड्री
संध्याकाळी ६.५०

तेलंगणात जुन्या एपी पाट्या तशाच चालू दिल्या, नव्या गाड्यांना टीएस. २०२४ ला तेही बदलून टीजी केलं. म्हणजे एका घरात तीन मुलांच्या तीन पाट्या.